अस्सल आणि नक्कल : दस्तऐवजांच्या लघूकरणाविषयी

बीड शहरातून सोलापूरकडे निघालेला हमरस्ता मांजरसुंब्याला पोहोचण्यापूर्वी ज्या गावाच्या शिवारातून जातो, ज्या गावाशेजारी बिंदुसरा नदीचे पाणी अडविलेले आहे, आणि एचआयव्हीबाधित बालकांचा सांभाळ करणाऱ्या 'इन्फंट इंडिया' या संस्थेमुळे ज्याचे नाव जिल्ह्याबाहेरही ऐकू येते, त्या मौजे पालीतल्या सेवा केंद्रांसाठी संगणकीय दस्तऐवजांचा आकार कमी कसा करावा या विषयावर एक पुस्तिका तयार व्हावी, हे प्रथमदर्शनी कोणास विचित्र वाटेल. हा विषय पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांचा, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः अभियंत्याला त्याची निकड फारशी भासत नाही. त्याच्या हाताशी वेगवान जोडणी असते, साठवणुकीस जागा असते, आणि त्याचे कागद बहुधा मुळातच संगणकावर जन्मलेले असतात. ज्याचे सगळे आयुष्य शाईने कागदावर उतरलेले आहे आणि ज्याला ते दुसऱ्याच्या यंत्रातून, तिसऱ्याच्या संकेतस्थळावर, चौथ्याने ठरविलेल्या मापात बसवून पाठवावे लागते, त्याची निकड खरी.

२०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाच्या आगेमागे शासनाचा जो कारभार पडद्यावर आला, त्याने चावडीपुढची रांग पुष्कळशी सेवा केंद्राच्या खुर्चीपुढे आणून उभी केली. जून-जुलैत पीकविम्याची झुंबड उडते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा मिळू लागला तेव्हा सातबारा, आठ-अ, पासबुकाचे पहिले पान आणि पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र घेऊन आलेल्या शेतकऱ्यांनी केंद्रांचे ओटे भरून गेले. त्यापाठोपाठ शिष्यवृत्तीचे अर्ज येतात, उत्पन्नाचे दाखले येतात, जातपडताळणी येते. प्रत्येक ठिकाणी कागदाला आकाराची मर्यादा आहे, आणि ती सर्वत्र एकसारखी असती तरी एक वेळ बरे होते. महाडीबीटीच्या शिष्यवृत्ती अर्जात एक कागद २५६ केबीच्या आत बसवावा लागतो, आणि गंमत अशी की तो १५ केबीहून लहान झालेलाही चालत नाही. दुसऱ्या संकेतस्थळाचे माप दुसरे, तिसऱ्याचे तिसरे. अर्ज भरणाऱ्या पोराला केबी म्हणजे काय ते ठाऊक असो वा नसो, 'साईझ बसंना' ही तक्रार त्याच्या तोंडी बसलेली असते, आणि ती ऐकून केंद्रचालक एक बटण दाबतो. त्या बटणाने नेमके काय घडते, कागदातले काय राहते आणि काय जाते, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे. ते बटण दाबणारा मनुष्य, त्याला कळो वा न कळो, दफ्तरदाराचे काम करीत असतो. कागदातला पुरावा कोणता आणि कागदाचा नुसता कागदपणा कोणता, याचा निवाडा त्याच्या बोटाखाली होतो. आणि हा निवाडा सर्वस्वी यंत्राच्या हवाली करण्यासारखा नाही, एवढेच माझे या प्रस्तावनेत म्हणणे आहे.

एक उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. मुलगी गावी आजीजवळ राहून शिकते; तिच्या अर्जाला बापाचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो; आणि तो दाखला बापाबरोबर कारखान्याच्या कोपीत, पत्र्याच्या पेटीत असतो. बाप फडावरून आल्यावर दाखला गोधडीवर पसरतो आणि कंदिलाच्या नाही तर बॅटरीच्या उजेडात मोबाईलने त्याचे छायाचित्र काढून केंद्रचालकाला धाडतो. हे छायाचित्र चार एमबीचे असते. त्यात दाखल्याने निम्मी जागा व्यापलेली असते; उरलेल्या निम्म्या जागेत गोधडीची ठिगळे, त्या ठिगळांवरचे हातटाके, एका कोपऱ्यात बापाचा अंगठा आणि वरून वाकलेल्या त्याच्याच डोक्याची सावली. आता छायाचित्र दाबणाऱ्या गणिताचा स्वभाव असा आहे की, त्याला सपाट पृष्ठभाग स्वस्त पडतो आणि गजबजलेला महाग. कोरी कड जवळजवळ फुकट जाते. गोधडीचे टाके मात्र, एकासारखा दुसरा नसल्यामुळे, जागा खात सुटतात. परिणामी त्या चार एमबींतला मोठा वाटा बापाच्या जन्मतारखेने नव्हे, तर गोधडीने उचललेला असतो. केंद्रचालकाने हे चित्र आहे तसेच दाबले तर काटकसर दोघांवरही सारखीच लादली जाते. गोधडी थोडी धूसर होते, आणि तिच्यासोबत 'जन्मतारीख अक्षरी' या रकान्यातले अक्षरही धूसर होते. तेच चित्र आधी दाखल्याच्या कडांनी कातरले, वाकडे असल्यास सरळ केले, सावली उजळली, आणि मग दाबले, तर दाखल्यातील एकही अक्षर न गमावता आकार निम्म्याहून खाली येतो. आधी कातरावे, मग दाबावे, हा क्रम पुस्तिकेच्या पहिल्याच प्रकरणात सांगितला आहे तो यासाठी.

यातील अंकगणित एकदा समजून घेतले म्हणजे पुढचे बरेचसे गूढ उकलते. ए-फोर आकाराचा कागद एका इंचात ३०० ठिपके या मानाने स्कॅन केला, तर आडवे २४८० आणि उभे ३५०८, म्हणजे एकंदर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात. तेव्हा दाबण्यापूर्वीचा आकार २ कोटी ६१ लाख बाइटांच्या घरात जातो. २५६ केबी म्हणजे २ लाख ६२ हजार १४४ बाइट. येणेप्रमाणे शंभराला एक असे प्रमाण साधावे लागते, आणि ते साधताना अक्षराचा चेहरा शिल्लक राहणे कठीण. परंतु तोच कागद इंचाला १५० ठिपके या मानाने आणि रंगाऐवजी करड्या छटांत घेतला, तर पावणेबावीस लाख बाइट होतात आणि आठाला एक एवढ्या दाबानेच काम भागते. आणि निव्वळ काळे-पांढरे, म्हणजे ठिपका एक तर काळा नाही तर पांढरा, अशा रीतीने इंचाला २०० ठिपके घेतले, तर दाबण्यापूर्वीच आकार पाच लाख बाइटांच्या आत असतो. छापील मजकुराचे पान असेल तर दाबल्यावर तो त्याच्या एक दशांशाच्या आसपास उतरणे नवलाचे नाही. म्हणजे आकार कमी करण्याचे निम्मे काम कागद यंत्रात घेतानाच व्हावयाचे असते. पुढे बटण दाबून जे होते ती उरलेल्या हिशेबाची भरपाई होय.

लहान लिहिण्याची गरज आपल्या कारकुनांना संगणकाच्या कितीतरी आधी पडली होती, आणि त्यांनी तिच्यावर उपायही शोधले होते. जुन्या फर्दीत गावाचे नाव एकदा पुरे लिहिले की पुढे 'मौजे मजकूर' म्हणून भागविले जाई. वहीच्या रकान्यात वरचाच तपशील पुन्हा आला तर 'कित्ता' लिहून हात मोकळा होई. 'राजश्री' हा शब्द 'रा' आणि दोन दंड एवढ्यावर येई. अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव या दोघा इस्रायली संशोधकांनी १९७७ साली जी पद्धत प्रसिद्ध केली, आणि झिप फाईलपासून पीडीएफपर्यंत आज जी सर्वत्र या ना त्या रूपात वापरली जाते, ती या 'मजकूर'चीच गणिती आवृत्ती आहे: आधी येऊन गेलेली अक्षरांची माळ पुन्हा आली की ती लिहू नये, 'इतके मागे जा आणि इतकी अक्षरे तेथून उचल' एवढीच खूण ठेवावी. वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत आणि क्वचित येणाऱ्याला लांब, ही दुसरी युक्ती डेव्हिड हफमन याने १९५२ साली दिली. 'राजश्री' आखूड झाला आणि एखाद्या आडगावचे नाव पुरे लिहिले गेले, यामागे कारकुनाची हीच अक्कल होती. या दोन्ही पद्धतींत हरवत काहीच नाही. 'मजकूर'वरून गावाचे नाव जसे निःसंदेह परत मिळते, तसा मूळ दस्तऐवज बाइट न् बाइट परत मिळतो.

या साऱ्याला शास्त्राचा पाया क्लॉड शॅनन याने घातला. त्याचा तो प्रसिद्ध निबंध बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात १९४८ च्या जुलै आणि ऑक्टोबर अशा दोन अंकांत छापला गेला. आणि या दोन अंकांच्या मध्ये, १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत, हैदराबादची पोलीस कारवाई होऊन मराठवाडा निजामाच्या अमलातून मुक्त झाला. या योगायोगाला काही अर्थ चिकटविण्याचा माझा इरादा नाही. परंतु निजामाच्या दफ्तरातील कागद आज शॅननच्या गणिताने दाबून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ठेवले जातात, हे लक्षात घेता तारखा टिपून ठेवाव्याशा वाटल्या. शॅननने दाखविले ते असे की, ज्याचा अंदाज आधीच करता येतो ते पाठविण्याची गरज नसते, आणि ज्याचा अंदाज करता येत नाही ते पाठविल्यावाचून गत्यंतर नसते. न हरवता दाबण्याला म्हणूनच एक तळ आहे. त्या तळाखाली जावयाचे तर काहीतरी टाकावेच लागते.

टाकण्याचे हे शास्त्र ज्या सूत्रावर उभे आहे, ते एका भारतीय माणसाला सुचले. नासिर अहमद हे १९४० साली बंगळुरात जन्मले आणि पुढे अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाले. चित्रातील माहितीचे मंद आणि शीघ्र अशा लहरींत पृथक्करण करण्याची कल्पना त्यांनी १९७२ साली अनुदानासाठी मांडली, तेव्हा ती फारच साधी म्हणून नाकारली गेली. त्यांनी ती पदरचा वेळ घालून तडीस नेली आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केली. १९९२ च्या जेपेग प्रमाणकाचा कणा हाच आहे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाचे लहरींत रूपांतर करायचे, आणि डोळ्याला ज्या शीघ्र लहरी फारशा जाणवत नाहीत त्यांना ढोबळ करून, पुष्कळदा शून्य करून, सोडून द्यायचे. माणसाचा चेहरा, आभाळ, बिंदुसरेच्या पाण्यावरची संध्याकाळ यांना हे फार मानवते. दहातले नऊ हिस्से गेले तरी पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही.

अक्षराला मात्र ते मानवत नाही. अक्षर म्हणजे कड, आणि कड म्हणजे नेमक्या त्या शीघ्र लहरी, ज्या टाकून देण्यावर या पद्धतीची सारी बचत अवलंबून असते. फार दाबलेल्या दाखल्यात अक्षरांभोवती करड्या ठिपक्यांचा जो धुरळा दिसतो तो यातूनच उठतो. रोमन लिपी हा मार काही अंशी सोसते. आपल्या लिपीची गोष्ट निराळी. आपला अर्थ रेषेच्या वर आणि खाली टांगलेला असतो. अनुस्वार गेला तर अनेकवचन एकवचन होते. रफार बुजला तर आडनाव बदलते. १ आणि ९, ५ आणि ६ या अंकांत फरक असतो तो एका लहानशा वळणाचा, आणि जमिनीच्या गट क्रमांकात वा जन्मसालात तेवढे वळण पुरे होते. त्यातून हेच चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून छायाचित्र म्हणून आले, उतरविले, पुन्हा धाडले आणि पुन्हा दाबले, तर प्रत्येक खेपेस नवा धुरळा चढतो. तीन हातांतून फिरलेला दाखला आधीच थकलेला असतो. तो दस्तऐवज म्हणून, म्हणजे 'डॉक्युमेंट' या मार्गाने, पाठविण्यास सांगावे. तसा धाडल्यास मधल्या वाटेत त्याला कोणी हात लावीत नाही.

पुस्तिकेतील जो भाग लिहिताना सर्वांत अधिक विचार करावा लागला तो जुन्या अभिलेखांचा. ७ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठा-कुणबी जातदाखल्यांसाठी मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कुळ नोंदवह्या, गाव नमुना १४ च्या जन्म-मृत्यूच्या वह्या, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे अशी कापडात बांधलेली दफ्तरे वर्षानुवर्षांनी सुटली, त्यांची पाने स्कॅन झाली आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पाहावयास मिळू लागल्या. एका कुटुंबाचा हक्क एका पानावरील एका ओळीत, किंबहुना ओळीतील दोन अक्षरांत, सामावलेला असण्याची वेळ आली. आणि ते पान अर्जाला जोडताना पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला, साईझ बसंना.

या पानांचे स्वरूप लक्षात घ्यावे. काही मोडीत आहेत, काही उर्दूत. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढतो आणि मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत जातो. शब्द तोडण्याची चाल नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नाही. वाचणाऱ्याला आधार असतो तो बोरूच्या फराट्याचा: कोठे रेघ जाड होते, कोठे वळते, कोठे पुढच्या अक्षरात मिसळते. उर्दू नोंदीत आधार नुक्त्यांचा. एकाच आकारावर एक ठिपका की दोन, वर की खाली, यावर अक्षर ठरते, आणि रकमा तर पुष्कळदा सियाक पद्धतीच्या, म्हणजे अंकांऐवजी आखडलेल्या शब्दाकृतींत लिहिलेल्या. अशा पानाला जर आपण छापील पानाचा न्याय लावून निव्वळ काळे-पांढरे केले, तर यंत्र एक उंबरठा ठरविते: याहून गडद ते काळे, याहून फिके ते पांढरे. शाई उडून तपकिरी झालेला नुक्ता त्या उंबरठ्याच्या पलीकडे जाऊन नाहीसा होतो, आणि वाळवीचे छिद्र वा शाईचा शिंतोडा अलीकडे येऊन नुक्ता बनतो. पुढे वाचणाऱ्या जाणकाराने कितीही डोळे ताणले तरी जे गेले ते त्याला परत मिळत नाही. म्हणून पुस्तिकेत असा नियम सुचविला आहे की, छापील आणि ठसठशीत कागद काळ्या-पांढऱ्यात घ्यावा. हस्तलिखित आणि फिका कागद करड्या छटांत घ्यावा. आणि जेथे निळ्या शिक्क्याखाली काळी सही किंवा सहीवर शिक्का आलेला असेल तेथे रंग ठेवावा, कारण रंग गेला की शिक्का आणि सही एकमेकांत मिसळून दोन्ही संशयास्पद होतात. रंग ठेवून माप बसत नसेल तर पानाच्या कोऱ्या कडा कातराव्यात, ठिपके थोडे कमी करावेत. रंगावर हात टाकणे हा शेवटचा उपाय.

येथे २०१३ सालच्या एका प्रकरणाचा उल्लेख करणे भाग आहे. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर एका बांधकामाचा नकाशा स्कॅन केला असता, तीन खोल्यांची वेगवेगळी क्षेत्रफळे, १४.१३, १७.४२ आणि २१.११, नकलेत तिन्ही १४.१३ झालेली आढळली. अंक धूसर नव्हते, तुटके नव्हते. स्वच्छ, रेखीव आणि चूक होते. कारण असे की, त्या यंत्रांत वापरलेली जेबिग-टू ही पद्धत पानावरील सारख्या दिसणाऱ्या आकृती शोधते, त्यांतली एकच ठेवते आणि इतर ठिकाणी तिचाच शिक्का उठविते. आकृती लहान असल्या म्हणजे ६ आणि ८ तिला सारखेच वाटू शकतात. कारकुनाच्या 'कित्ता'तही हा धोका होताच, पण कारकून कित्ता लिहिण्यापूर्वी वरची ओळ वाचीत असे. धूसर नक्कल निदान आपला दोष कबूल करते. ही नक्कल खोटे बोलते आणि तेही सुवाच्य अक्षरात. म्हणून जमिनीच्या, पैशाच्या आणि जन्मतारखेच्या कागदांसाठी ही पद्धत, निदान तिचा हा हरवणारा प्रकार, वापरू नये असे मी स्पष्ट म्हणतो. काळ्या-पांढऱ्या पानासाठी १९८४ च्या फॅक्स प्रमाणकातली 'ग्रुप फोर' ही जुनी पद्धत पुरेशी आहे. काळे कोठे सुरू होते आणि कोठे संपते एवढेच, तेही वरच्या ओळीच्या मानाने, ती नोंदविते, आणि काहीही टाकीत नाही.

जुन्या दफ्तरखान्यात नक्कल झाली की एकजण अस्सल वाची आणि दुसरा नकलेवरून बोट फिरवी. या रुजवातीवाचून नक्कल बाहेर पडत नसे. ती चाल सेवा केंद्रात पुन्हा सुरू व्हावी अशी माझी सूचना आहे. दाबलेली फाईल उघडून, पडदा मोठा करून, नाव, तारीख, क्रमांक आणि शिक्का एवढ्या चार जागा अस्सल कागदाशी ताडून पाहाव्यात. याला फार वेळ लागत नाही. तसेच मोठी, न दाबलेली प्रत कधी पुसू नये. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले, आणि त्या निवडीने इतिहासाभ्यासाचे केवढे काम हलके झाले हे सर्वश्रुत आहे. तथापि निवड झाली म्हणून पुण्यातले मूळ कागदांचे रुमाल कोणी नदीत सोडले नाहीत, आणि नंतरच्या संशोधकाला सरदेसायांनी वगळलेला कागद पाहावासा वाटला तर तो पाहता येतो. २५६ केबीची प्रत ही त्या अर्जापुरती निवड आहे. उद्या दुसरा अर्ज दोन एमबी मागेल, परवा जातपडताळणीत मूळ छटा पाहिल्या जातील. तेव्हा दाबलेल्यावरून मोठी प्रत बनविण्याची सोय कोणत्याही यंत्रात नाही.

याउलट काही कागदांना दाबण्याची मुळात गरजच नसते, आणि नेमके तेच आपल्याकडे सर्वांत अधिक छळले जातात. संगणकावर जन्मलेल्या पीडीएफमध्ये अक्षरे चित्ररूपाने नसतात, अक्षररूपाने असतात. युनिकोडमधील देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. दोन हजार चिन्हांचे भरगच्च पान सहा हजार बाइटांत मावते, आणि टंकातील वापरलेलीच अक्षरे सोबत जोडली तरी एकंदर आकार मर्यादेच्या पुष्कळ आत राहतो. असा कागद छापून काढायचा, त्याचे मोबाईलने छायाचित्र घ्यायचे, आणि मग ते मोठे झाले म्हणून दाबत बसायचे, हा उलटा उद्योग केंद्राकेंद्रांवर चाललेला दिसतो. २०१८ पासून मिळू लागलेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याच्या बाबतीत तर तो घातकच होय. ती स्वाक्षरी फाईलमधील बाइटांवर केलेली असते; पेनाच्या सहीसारखी ती कागदावर चित्र म्हणून राहत नाही. फाईल दाबली, पाने जोडली वा तोडली, की बाइट बदलतात आणि स्वाक्षरी मोडते, मग पानावर हिरवी खूण कितीही ठळक दिसो. असा उतारा उतरविला तसाच जोडावा. मापात बसत नसेल तर त्याची प्रत दाबून जोडावी, पण मूळ फाईल जपावी आणि पडताळणी क्रमांक वाचता येतो याची खातरजमा करावी.

आणखी एका गोष्टीची ताकीद द्यावीशी वाटते. फुकट दाबून देणारी संकेतस्थळे अनेक आहेत आणि घाईच्या वेळी हात तिकडे वळतो. परंतु कागद त्यांच्याकडे दाबावयास देणे म्हणजे आधार, पासबुक आणि एखाद्याच्या आजाराची फाईल परमुलखातील अनोळखी यंत्रावर ठेवून येणे होय. पालीत ज्यांचे कागद हाताळले जातात त्यांत अशीही मुले आहेत की ज्यांच्या औषधोपचाराची नोंद बाहेर जाणे म्हणजे त्यांच्या आयुष्याला धक्का लागणे. घोस्टस्क्रिप्ट, इरफानव्ह्यू यांसारखी साधने केंद्राच्याच संगणकावर, जोडणी बंद असतानाही, हे काम करतात, आणि त्यांतले घोस्टस्क्रिप्ट तरी पैसे मागत नाही. घोस्टस्क्रिप्टमधील तयार मापांपैकी 'स्क्रीन' हे चित्रे इंचाला ७२ ठिपक्यांवर आणते, 'ईबुक' १५० वर आणि 'प्रिंटर' ३०० वर. दाखल्याला पहिले कधीही लावू नये. दुसऱ्याने बहुतेक काम होते.

मर्यादा ठरविणाऱ्यांशीही दोन शब्द बोलणे अवश्य आहे. लाखो अर्ज एकाच आठवड्यात येणार असतील तर फाईलला माप हवे, याबद्दल तक्रार नाही. परंतु केबीचे माप हे कागद वाचता येतो की नाही याचे माप नव्हे. २०० केबीत स्वच्छ पान बसते आणि त्याच २०० केबीत गोधडीही बसते. इंचाला किती ठिपके हवेत, करडे चालेल की रंगीत, बहुपानी कागद एकत्र जोडायचा की सुटा, एवढे तीन शब्द अपलोडच्या चौकटीखाली मराठीत छापले आणि सर्व खात्यांची मापे एका नमुन्यावर आणली, तर या पुस्तिकेची निम्मी पाने अनावश्यक ठरतील, आणि त्याचा मला आनंदच होईल.

पुस्तिकेतील उदाहरणे सातबारा, दाखला, पासबुक, शिक्कामोर्तबाचा आदेश आणि जुनी हस्तलिखित नोंद अशा पाच प्रकारच्या कागदांवर घेतली आहेत. गावनकाशे आणि मोजणीचे टिपण यांचा विचार येथे केलेला नाही. त्यांत रेघेची जाडी आणि प्रमाणपट्टी यांचा प्रश्न येतो, कागद ए-फोरहून पुष्कळ मोठा असतो, आणि घडीवरच्या फाटलेल्या जागी बांध नेमका कोठून गेला हे स्कॅनरपेक्षा भूमापकाला अधिक कळते. त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण दुसऱ्या आवृत्तीत घालण्याची तजवीज आहे.